काचेसारखी खळ

काकूंना प्रयोगशाळेत सगळे खळकाकू म्हणायचे, आणि त्याचा त्यांना काडीचाही राग नव्हता. नवीन आलेली एखादी मुलगी भीत भीत विचारायची, "मी नुसतं काकू म्हटलं तर चालेल ना?" तर काकू हातातली पळी खाली ठेवून म्हणायच्या, "अगं, काकू गल्लोगल्ली सापडतात. खळकाकू जगात एकच आहे." म्हणायच्या गमतीनं, पण मनातून त्यांना ते चांगलंच पटलेलं होतं. पुढे जे बिनसलं ते या पटण्यातूनच बिनसलं, असं आता त्यांचं त्यांनाच वाटतं.

ती प्रयोगशाळा बटाट्याची. नवख्या माणसाला ऐकून हसू येतं. बटाट्याला कसली आलीय प्रयोगशाळा? पण तेच तेच बेणं वर्षानुवर्षं लावलं की त्याला रोग धरतात. म्हणून निरोगी रोपाचं एकेक पेर कापून काचेच्या बरणीत वाढवायचं, त्याचं रोप झालं की ते पुन्हा कापायचं, आणि एकाची अशी हजारो करायची, हा तिथला उद्योग. बरणीत माती नसते. तळाशी क्षार, साखर आणि जीवनसत्त्वं घातलेलं पाणी असतं, आणि रोपानं त्यात बुडू नये, उभं राहावं, म्हणून ते पाणी जेलीसारखं घट्ट करावं लागतं. हे घट्ट करणं काकूंकडे होतं.

त्या लागल्या होत्या खरं तर बरण्या धुवायला. जेली करणारा माणूस एकदा सुट्टीवर गेला तो परत आलाच नाही, तेव्हा "तोपर्यंत तुम्ही बघा" म्हणून तराजू त्यांच्या हाती आला. ते "तोपर्यंत" पुढे सगळ्या नोकरीभर चाललं. समुद्री शेवाळापासून काढलेली अगार नावाची पूड पाण्यात उकळायची, बरण्यांत ओतायची, त्या बरण्या मोठ्या निर्जंतुक करायच्या कुकरमधून काढून थंड करायच्या. जमलेली जेली धुरकट दिसायची, धुक्यातल्या खिडकीसारखी. काकूंची जेली कधी सैल पडली नाही की कधी दगड झाली नाही.

त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला हिरव्या जाळीची शेड होती. ती शेड काकांची. काका म्हणजे काकूंचे यजमान. बरणीत वाढलेलं रोप भलतंच लाडावलेलं असतं. त्यानं कधी वारा पाहिलेला नसतो, ऊन पाहिलेलं नसतं, स्वतःहून तहान भागवलेली नसते. ते बरणीतून काढायचं, मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्यात धुवायची, ओल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, ट्रेमध्ये लावायचं, वर प्लास्टिकचा तंबू करायचा, आणि तो तंबू रोज थोडा थोडा उघडून त्याला जगाची सवय करायची, हे काकांचं काम. काका बोलायला अगदी कंजूष, पण हाताला यश. त्यांच्या शेडमध्ये एखादा ट्रे वाया गेला तर लोक बघायला यायचे, इतकं ते क्वचित घडायचं.

दोघांचा संसारही याच रोपांवर चालल्यासारखा होता. संध्याकाळी घरी आले की लेक अभ्यासाला बसायची आणि हे दोघं स्वयंपाकघरात. काकू ओट्याशी, काका दारातल्या स्टुलावर. मग काकू सांगायच्या की आज बरण्यांत बुरशी निघाली, आणि काका सांगायचे की परवाच्या रोपांनी मान वर काढली. बाहेरच्या माणसाला वाटावं, यांच्या घरात पाचपन्नास नातवंडं आहेत की काय. लेक वैतागून ओरडायची, "तुम्हा दोघांना दुसरा विषय नाही का?" खरोखरच नव्हता. आणि दोघांनाही दुसऱ्या विषयाची गरज कधी वाटली नव्हती.

मग अगार मिळेनाशी झाली. कुठेतरी समुद्रावर काहीतरी झालं, शेवाळ कमी आलं, आणि मिळायची ती पूड परवडेना. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई होत्या. त्या औषधाच्या डॉक्टर नव्हेत, वनस्पतिशास्त्राच्या. पण म्हणायचं म्हणून सगळे डॉक्टरबाई म्हणत. बाई हुशार, स्वभावानं सरळ, फक्त सदान्‌कदा घाईत. त्यांनी काकूंना खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. बसायला सांगितलं म्हटल्यावर काकू खुर्चीच्या कडेवरच टेकल्या.

"काकू, अगारला काहीतरी पर्याय शोधायला हवा," बाई म्हणाल्या. "मी पुस्तकातून चार गोष्टी काढून देते. पण करून बघायचं तुम्ही, आणि ठरवायचंही तुम्हीच. तुमच्याइतका हात कुणाचा बसलाय यात?"

आता हे वाक्य बाईंनी कदाचित जाता जाता टाकलं असेल. पण काकूंना आयुष्यात कुणी काही ठरवायला सांगितल्याचं आठवत नव्हतं. लग्न वडिलांनी ठरवलं, नोकरी चुलत्यानं लावली, घर कुठे घ्यायचं ते दिरानं सांगितलं, मुलीनं काय शिकायचं ते मुलीनं. त्या दिवशी त्या घरी गेल्या त्या जमिनीवरून चालल्याच नाहीत.

पुढचे काही आठवडे प्रयोगशाळेत नुसता धुमाकूळ होता. काकूंनी मक्याचं पीठ शिजवलं. त्याची छान खळ झाली, पण रोपं लावल्यावर तिसऱ्या चौथ्या दिवशी तिला पाणी सुटलं आणि रोपं दारू प्यायल्यासारखी एकमेकांच्या अंगावर पडली. साबुदाण्याची केली. ती उभी राहिली, पण इतकी पांढरीफट्ट की आत बुरशी आहे का मूळ आहे ते कळेना, आणि ती घासूनही निघेना म्हणून बरण्या धुणाऱ्या बायकांनी काकूंशी बोलणंच टाकलं. इसबगोल घेतला, तर तो पाण्यात पडल्या पडल्या असा फुगला की पातेल्यातून बरणीत ओतायच्या आत पळीच उभी राहिली. पेर कापणाऱ्या मुली काचेच्या खिडकीला नाकं लावून बघायच्या आणि खिदळायच्या. त्याच आठवड्यात कुणीतरी "खळकाकू" म्हटलं आणि ते चिकटलं.

शेवटी आली जेलन. ही एक बारीक पांढरी पूड, जिवाणूंपासून बनवलेली. अगारपेक्षा किती तरी कमी लागायची. गार पाण्यात भराभर ढवळत घातली नाही तर गुठळ्या व्हायच्या, पण काकूंचा हात त्यावर एका दिवसात बसला. बरण्या थंड झाल्यावर काकूंनी एक उचलून उजेडाकडे धरली आणि त्यांना क्षणभर वाटलं, ही तर रिकामीच आहे. जेली इतकी नितळ जमली होती की बरणीतून पलीकडची खिडकी दिसत होती. रोपं लावली, आणि चार दिवसांत पांढरीशुभ्र मुळं त्या जेलीत उतरताना एकूणएक दिसायला लागली.

सगळ्यांनी जेलन डोक्यावर घेतली. बुरशीचा ठिपका पहिल्याच दिवशी दिसतो म्हणून मुली खूश. पाहुण्यांना दाखवायला झकास म्हणून डॉक्टरबाई खूश. काकांनाही आवडली, अगार मुळांना चिकटून बसायची, ही पाण्यात धरली की सुटून जाते, एवढं ते आपणहून बोलले. लेकीनं आईला एका बरणीसकट उभं करून फोटो काढला आणि सगळ्या मैत्रिणींना पाठवला. रोपंही कशी, दणदणीत. जाड देठ, रुंद पानं, पानांवर तकाकी. "अगारवर अशी कधी पाहिली होती का?" काकू येईल त्याला विचारायच्या, आणि उत्तराची वाट बघायच्या नाहीत.

काकांची शेड बिघडायला लागली ती त्यानंतर. पहिले ट्रे कसेबसे तगले, पुढचे अर्धेमुर्धे मेले, आणि मग उन्हाळ्याचा कोरडा वारा सुरू झाला तशी तंबू जरा उघडला की रोपं दुपारपर्यंत माना टाकायची. संध्याकाळी ट्रेमध्ये ओल्या कागदासारखं काहीतरी चिकटलेलं असायचं. सगळ्यांनी वाऱ्याला दोष दिला. काकांनी जाळी दुहेरी केली, पाण्याचे फवारे वाढवले, दुपारची सुट्टी सोडली. काहीही उपयोग झाला नाही.

एका संध्याकाळी स्टुलावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "अगं, पानं वेगळीच येतायत हल्ली. काचेसारखी. चिमटीत धरली की मोडतात."

काकूंनी वळूनही बघितलं नाही. "बरणीत तर छान असतात."

"बरणीत असतात गं. बाहेर काढली की..."

"म्हणजे माझ्या जेलीत खोट आहे?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

"मग हातात खोट असेल. वय होतं माणसाचं, हात जड होतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

काकांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, आणि काकूंनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पाहिलं, आणि भाजीला मीठ घातलं. त्या क्षणी त्यांना वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो राग. सगळं जग जेलीला चांगलं म्हणतंय आणि घरचाच माणूस खुसपट काढतोय, याचा राग.

वाईट याचं की काकूंना ठाऊक होतं. अगदी पक्कं नसेल, पण ठाऊक होतं. एकदा जास्तीच्या बरण्या रिकाम्या करताना त्यांनी स्वतः एक रोप बाहेर काढलं होतं. पान बोटांत धरलं आणि ते काकडीची चकती मोडावी तसं कट्‌कन मोडलं. बटाट्याचं पान असं मोडत नाही. ते मऊ असतं, लवतं, त्यावर बारीक लव असते. हे पान गुळगुळीत होतं, पाण्यानं टम्म फुगलेलं, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसेल असं. काकूंनी ते कचऱ्याच्या बादलीत टाकलं आणि वर आणखी चार टाकली, म्हणजे ते दिसू नये. कुणापासून लपवत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

काकांनी हळूहळू रोपांना हात लावणं कमी केलं. आधी ते हातमोजे घालायला लागले, मग लावणीच्या वेळी हाताखालच्या बायकांना पुढे करून आपण नुसतेच शेजारी उभे राहायला लागले. जो माणूस झोपेतही रोप सरळ लावेल, तो "तुम्हीच लावा, माझ्याकडून मोडतील" असं म्हणतो, हे शेडमधून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून डॉक्टरबाईंच्या कानावर गेलं.

बाईंनी काकूंना बोलावलं. या खेपेला बसायला सांगितलं नाही. बाई फोन शोधत होत्या.

"काकू, शेडमध्ये काय चाललंय? मागणीचा माल वेळेवर जात नाहीये. काकांचं काही बिनसलंय का? तब्येत वगैरे? तुम्ही घरात असता, तुम्हाला माहीत असेल."

त्या वेळी काकू म्हणू शकल्या असत्या, बाई, एकदा थोडं अगारवर लावून बघू या. एवढंच पुरलं असतं. हे वाक्य काकूंनी नंतर किती वेळा मनात म्हटलं असेल याला गणती नाही; भांडी घासताना, बसची वाट बघताना, अगदी पूड तोलतानासुद्धा. पण त्या वेळी टेबलावर त्यांची ती नितळ बरणी ठेवलेली होती, पाहुण्यांना दाखवायची म्हणून. काकूंची नजर तिच्यावर गेली आणि तोंडातून निघालं, "त्यांचं हल्ली लक्ष नसतं हो बाई. मीही घरी बोलले त्यांना."

बाईंना फोन सापडला. विषय संपला.

महिना उलटायच्या आत काकांना फाटकावर नेमलं. आत येणाऱ्या गाड्या बघायच्या, बाहेर जाणारा माल मोजायचा, पगार तोच. घरी आल्यावर काकांनी सांगितलं, "फाटकावर टाकलंय मला." काकू म्हणाल्या, "बरं झालं, उन्हातान्हात राबणं तरी वाचेल." काकांनी मान डोलावली. त्यानंतर स्वयंपाकघरात रोपांचं बोलणं झालं नाही. काका गाड्यांबद्दल सांगायचे, कुठल्या टेम्पोचा आरसा फुटला होता, कुठल्या ड्रायव्हरला सर्दी झाली होती. तेही दोन दिवसांआड. लेक तोवर शिकायला बाहेरगावी गेली होती. ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या बोलत असायच्या.

शेडवर नव्या बाई आल्या. वयानं काकूंच्याच आगेमागे, मोठ्या नर्सरीतून आलेल्या, आवाज असा की शेडमधून हाक मारली तर फाटकावरचा कुत्रा उठून बसेल. पहिले काही ट्रे मेले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे मेले तेव्हा त्यांनी एक ट्रे उचलला, चपला न काढता थेट प्रयोगशाळेत आल्या, आणि तो डॉक्टरबाईंच्या टेबलावर आपटला. कोकोपीटचे कण डॉक्टरबाईंच्या चहात पडले.

"ही रोपं माझ्याकडे यायच्या आधीच मेलेली आहेत," त्या म्हणाल्या. "पानाला साल नाही, मेण नाही. नुसत्या पाण्याच्या पिशव्या आहेत. तुम्ही यांना बरणीत काय पाजता ते आधी बघा, मग मला बोला."

काका हे कधीच असं बोलले नसते. त्यांना चपला न काढता आत येणंच जमलं नसतं.

डॉक्टरबाईंनी पान हातात घेतलं, मोडलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना काय ते लगेच कळलं. त्या जेलीतून रोपाला पाणी फार सहज मिळत होतं. न मागता, न ओढता, पोटभर. त्यामुळे पानं फुगली, पण पाणी धरून ठेवायला कधी शिकलीच नाहीत. बाहेरचा वारा लागला की सगळं पाणी निघून जायचं. "मी शेडमध्ये एक चक्कर जरी मारली असती," बाई म्हणाल्या, आणि हे त्या स्वतःलाच म्हणाल्या. मग महाग तर महाग, थोडी अगार मागवून अर्ध्या बरण्या अगारवर, अर्ध्या जेलनवर, अशी लावणी झाली. जेली दोन्ही काकूंनीच केली. अगारवरची रोपं लहानखुरी, फिकट हिरवी, दिसायला अगदी सामान्य निघाली, आणि शेडमध्ये जवळजवळ सगळी जगली. शेवटी जेलनमध्ये थोडी अगार मिसळून मधला मार्ग निघाला, बरण्यांना हवा खेळती राहील अशी झाकणं आली, आणि काम पूर्ववत सुरू झालं. काकूंना कुणी एका शब्दानं बोललं नाही. बाई उलट म्हणाल्या, "प्रयोग म्हटला की असं होतंच, काकू." मग जरा थांबून म्हणाल्या, "काकांना मात्र परत शेडवर बोलवू या. त्यांच्यावर अन्याय झाला. तुम्ही सांगा, मीही बोलेन."

त्या संध्याकाळी काकूंनी स्वयंपाकाला हातच लावला नाही. काका आले, हातपाय धुतले, आणि ओटा थंड बघून स्टुलावर बसले. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी सगळं सांगितलं. अगार आणि जेलन, नव्या बाईंनी आपटलेला ट्रे, बाईंचा निरोप. मग बादलीत टाकलेलं पान सांगितलं, त्यावर टाकलेली चार पानंही सांगितली. एवढं बोलून झाल्यावरही एक गोष्ट उरली होती, आणि ती सांगितल्याशिवाय बाकी सगळं सांगण्याला काही अर्थ नव्हता.

"अहो, आणखी एक आहे. बाईंनी मला तुमच्याबद्दल विचारलं होतं. फाटकावर टाकायच्या आधी. मी म्हटलं... मी म्हटलं की तुमचं लक्ष नसतं."

"हो. ठाऊक आहे मला," काका म्हणाले.

काकूंना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"बाईंनीच सांगितलं, फाटकावर टाकलं त्या दिवशी. मी म्हणत होतो, एकदा रोपं बघायला या, पानांत काहीतरी आहे. तर म्हणाल्या, काका, तुमच्या घरूनही हेच सांगितलं, लक्ष नसतं म्हणून."

एवढे दिवस. काकूंनी वाढलेलं काका जेवले, काकूंनी इस्त्री केलेला शर्ट घालून फाटकावर गेले, लेकीशी फोनवर हसून बोलले, आणि चकार शब्द काढला नाही. काकूंना रडू कोसळलं. "मग भांडला का नाहीत माझ्याशी? चार शब्द सुनावायचे होतेत. माझ्या तोंडावर म्हणायचं होतंत, की खोटं बोललीस!"

काकांना या प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"खोटं कशाला वाटेल मला?" ते म्हणाले. "मला पानांचा संशय होता, नाही असं नाही. पण तू म्हणालीस म्हटल्यावर मी विचार केला, ही मला इतकी वर्षं बघतेय. माझ्यापेक्षा हिला जास्त कळतं. ही म्हणतेय म्हणजे माझंच चुकत असणार. म्हणून मग मी तो विषयच सोडून दिला."

काका उठले, त्यांनी गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि दोन कप काढले. शेडचं काय, असं काकूंनी शेवटी कसंबसं विचारलं, तेव्हा ते पाठमोरेच म्हणाले, "त्या नव्या बाईंनाच राहू दे. चांगलं करतायत म्हणे. मला आता तिथे रोज स्वतःला विचारत बसावं लागेल, हे बरोबर करतोय ना, ते बरोबर करतोय ना. तसं नाही होत ते काम."